दुपारी ऊन पडलं, तरी सकाळी बंदर रद्द का केलं?

आमचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, सोलापुरात तीस वर्षं भूगोल शिकवत होते. मध्यरात्रीच्या सूर्याचा धडा आला की ते फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढायचे आणि अगदी वरच्या टोकाला खडूनं एक टिंब द्यायचे. नॉर्थ केप, ७१ अंश १० मिनिटं उत्तर. निवृत्तीनंतर बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून गेल्या जुलैत मावशी आणि काका नॉर्वेच्या क्रूझवर गेले. त्या टिंबाच्या अगदी जवळ पोचलेही. आणि सकाळी पावणेसातला केबिनमधल्या स्पीकरवर कप्तानाचा आवाज आला. वाऱ्यामुळे होनिंग्सवोगच्या, म्हणजे नॉर्थ केपला जाण्यासाठी जिथं उतरायचं त्या बंदरात शिरता येणार नाही, जहाज पुढच्या प्रवासाला निघत आहे.

परत आल्यावर जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी जो येईल तो दोनच गोष्टी विचारायचा. पैसे परत मिळाले का? आणि, कंपनीनं फसवलं ना? मावशीचा प्रश्न मात्र वेगळा होता. "अगं, दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. समुद्रही शांत दिसत होता. मग सकाळी एवढी घाई कशाला केली त्यांनी? थांबले असते चार तास."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण काकांनी एक काम करून ठेवलं होतं. केबिनमधल्या टीव्हीवर एक वाहिनी जहाजाची जागा, वेग आणि वारा दाखवत असते. काका ते आकडे वहीत उतरवून घ्यायचे, शाळेतली सवय. त्या दिवसाच्या पानावर लिहिलंय: पहाटे चारला वारा २४ नॉट, पाचला ३१, सहाला ३६. दुपारी दोनला १३. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. या वाहिनीवरच्या आकड्यात पुष्कळदा जहाजाचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो, पण वाऱ्याचा कल कळायला तो पुरेसा आहे.) ते पान समोर ठेवून मी वाचत गेले, मर्चंट नेव्हीत असलेल्या वर्गमित्राला विचारत गेले. आता मावशीला जे सांगितलं, तेच इथं मांडते.

आधी वारा. आपल्याकडे गच्चीवर सोलापुरी चादर वाळत घालताना वळवाचा वारा सुटला तर काय होतं, ते आठवा. दोघांनी दोन टोकं धरली तरी चादर हातातून ओढली जाते. साठ बाय नव्वद इंची चादर म्हणजे साधारण साडेतीन चौरस मीटर कापड. ती वाऱ्याला आडवी ताणून धरली आणि वारा ३० नॉटचा असला, तर तिच्यावर पन्नासएक किलोचा जोर येतो. आता ३०० मीटर लांब आणि पाण्यावर ४० मीटर उंच असं एक मोठं क्रूझ जहाज घ्या. त्याची एक बाजू म्हणजे १२,००० चौरस मीटरची सपाट भिंत. म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास चादरी, एकमेकींना शिवून एकाच वेळी वाऱ्यात धरलेल्या. जोर होतो सुमारे १८० टन.

खरी मेख पुढे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १५ नॉटच्या वाऱ्यात याच जहाजावर ४५ टनांचा दाब असतो, ३० ला १८०, आणि ४० नॉटला सव्वातीनशेच्या आसपास. काकांच्या वहीत २४ वरून ३६ पर्यंतची चढ दोन तासांची आहे. आकडा दीडपट, पण दाब सव्वादोन पट. नुसता आकडा पाहणाऱ्याला "थोडा वारा वाढला" इतकंच दिसतं. पुलावर उभ्या असलेल्या कप्तानाला, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं उभ्या असलेल्या माणसाला, दिसतं ते वेगळंच.

हा दाब जहाज समुद्रात वेगानं जात असताना फारसा भेडसावत नाही. सुकाणू काम करतं, पंखे जोरात फिरत असतात, आजूबाजूला मोकळं पाणी असतं. धक्क्याला लागताना मात्र जहाज जवळजवळ थांबलेलं असतं, आणि थांबलेल्या जहाजाचं सुकाणू निकामी असतं. तेव्हा जहाजाला बाजूला ढकलायला पोटात आडवे बसवलेले पंखे असतात, त्यांना थ्रस्टर म्हणतात. त्यांची ताकद ठरलेली आहे. वाऱ्याचा दाब त्या ताकदीच्या वर गेला की जहाज कप्तानाचं राहत नाही, वाऱ्याचं होतं. मोठ्या बंदरांत अशा वेळी ताकदवान टगबोटी येऊन जहाज रेटतात. उत्तरेकडची बरीचशी बंदरं म्हणजे मुळात मासेमारीची गावं. तिथं तेवढ्या टगबोटी असतीलच असं नाही, आणि जागाही अरुंद असते.

माझ्या मित्रानं एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. कप्तान फक्त "आत जाता येईल का" हे पाहत नाही. संध्याकाळी बाहेर पडता येईल का, हे तो आधी पाहतो. वारा धक्क्याच्या दिशेनं असेल, तर तो जहाजाला धक्क्यावर दाबून धरतो आणि सुटताच येत नाही. उलट दिशेनं असेल, तर दोरखंडांवर इतका ताण येतो की ते तुटू शकतात. तुटलेला दोरखंड चाबकासारखा परत येतो, त्यानं माणसं मेलेली आहेत.

आता टेंडर. ज्या गावात मोठ्या जहाजाला लागण्याइतका धक्का नाही, तिथं जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. बऱ्याच जहाजांवर जीवरक्षक बोटींपैकीच काही या कामाला वापरतात. जहाजाच्या पोटाशी, पाण्याच्या पातळीला एक फळी उघडते. तिच्यावर उभं राहून बोटीत पाय टाकायचा. समुद्र शांत असेल तर रिक्षातून उतरण्याइतकं सोपं. पण लाट असेल तर बोट एका क्षणी फळीच्या वर आणि दुसऱ्या क्षणी मीटरभर खाली. अशा क्रूझवर साठी-सत्तरीची माणसं खूप असतात, गुडघे दुखणारी, काठी घेतलेली. असे दोन हजार लोक जायचे, आणि तितकेच परत यायचे. म्हणजे चार हजार वेळा तो पाय टाकायचा. एकदाही चुकून चालत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. ते पाणी धरणाचं होतं आणि दोन्ही काठ डोळ्यांना दिसत होते. त्या दिवसानंतर "वारा जास्त आहे, आज बोट नको" असं कुणी म्हटलं की मला ती माणसं आठवतात. उत्तरेकडच्या समुद्रात पाणी इतकं गार असतं की पोहता येणाऱ्या माणसाचेही हातपाय काही मिनिटांत आखडायला लागतात.

लाटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोळ्यांना फसवते, आणि मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. लाट वाऱ्यानं उठते, पण वारा थांबला म्हणून लाट थांबत नाही. शेकडो किलोमीटर दूर उठलेल्या वादळाच्या लाटा एक-दोन दिवस प्रवास करून स्वच्छ उन्हातल्या किनाऱ्याला येऊन धडकतात. या लाटा लांबट असतात, फेस नसतो. अकराव्या मजल्यावरच्या डेकवरून पाहिलं तर समुद्र सपाट वाटतो. खाली पाण्याच्या पातळीला असलेल्या फळीपाशी मात्र बोट दोन मीटर वरखाली होत असते. ऊन पडलंय हे खरं असतं, आणि टेंडर चालवणं धोक्याचं आहे हेही त्याच वेळी खरं असतं.

उत्तरेकडेच हे इतकं का घडतं? नकाशात पाहा. दक्षिणेकडून उबदार सागरी प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर जातो. त्याच्यामुळे ७० अंशाच्याही वर असलेलं हॅमरफेस्टचं बंदर हिवाळ्यात गोठत नाही. त्याच पाण्यावर आर्क्टिककडची थंड हवा उतरते. उबदार आणि थंड हवेची जिथं गाठ पडते, तिथं कमी दाबाचे पट्टे एकामागोमाग एक तयार होत राहतात. आइसलँडजवळचा कमी दाबाचा पट्टा तर इतका कायमचा की त्याला स्वतंत्र नावच आहे, आइसलँडिक लो. उन्हाळ्यात तो बराच मवाळ असतो. सप्टेंबरपासून तो जोर धरतो. हिवाळ्यात तर तिथं लहान आणि तीव्र वादळं काही तासांत उठतात. त्यांना पोलर लो म्हणतात, आणि त्यांचा नेमका अंदाज आजही अवघड आहे. म्हणून रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहायला जानेवारीत जाणाऱ्यांनी बंदर चुकण्याची मनाची तयारी जुलैत जाणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावी.

पण जुलैतही एक संकट असतंच, धुकं. जमिनीवरून आलेली उबदार, ओलसर हवा गार पाण्यावर आली की समुद्रावर दाट धुकं धरतं. ते वाऱ्यानं लगेच विरत नाही. उलट मंद वाऱ्याबरोबर पसरत जातं. नॉर्थ केपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर तर कित्येकदा असं होतं की बंदर मिळतं, बस वर जाते, आणि समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चालेल की, टोकावर उभा तर राहिलो असतो."

ग्रीनलँडची गोष्ट आणखी निराळी. तिथं हवा चांगली असूनही बर्फ वाट अडवतो. पूर्व किनाऱ्यानं खाली वाहत येणारा समुद्री बर्फ दक्षिणेचं टोक वळून पश्चिमेकडे येतो. त्यामुळे दक्षिणेची प्रिन्स क्रिस्चियन सुंड ही प्रसिद्ध चिंचोळी खाडी जहाजांना पुष्कळदा बंद असते. शिवाय ग्रीनलँडच्या पठारावरून थंड, जड हवा उताराला लागते आणि दऱ्यांतून किनाऱ्यावर कोसळते. पूर्वेकडच्या लोकांनी या वाऱ्याला पितेराक असं नाव दिलंय. १९८९ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांजवळ माक्सिम गोर्की हे सोव्हिएत प्रवासी जहाज बर्फावर आदळलं. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचं सेन्या हे जहाज वेळेत पोचलं म्हणून प्रवासी वाचले. काहींना बर्फाच्या लाद्यांवरून उचलून घ्यावं लागलं.

आता मावशीचा "चार तास थांबले असते" हा मुद्दा. मी वहीच्या पानावर हिशेब केला. समजा, दुपारी दोनला वारा उतरला आणि तीनला जहाज धक्क्याला लागलं. होनिंग्सवोग ते नॉर्थ केप साधारण ३४ किलोमीटर, जायला पाऊणएक तास. दोन हजार प्रवासी म्हणजे चाळीस-चाळीसच्या पन्नास बसगाड्या. त्या गाड्या सकाळी आठसाठी ठरलेल्या होत्या. उन्हाळ्यात अशा बंदरात एका दिवशी एकाहून जास्त जहाजं येतात, त्यामुळे दुपारी धक्का दुसऱ्या कुणाच्या नावावर असू शकतो. सगळे वर जाऊन परत येईपर्यंत रात्रीचे नऊ. आणि त्यांचं पुढचं ठिकाण होतं स्वालबार्डचं लाँगयीअरब्येन, ७८ अंशांवर. नुसतं अक्षांशांचं अंतर धरलं तरी ४३० सागरी मैलांच्या वर, म्हणजे १८ नॉटनं अखंड चालूनही एका दिवसाहून जास्त. एक बंदर वाचवायला गेलं की पुढचं जातं. आणि हा सगळा हिशेब "दुपारी वारा उतरेल" हे सकाळी पावणेसातला खात्रीनं माहीत असेल तरच. कप्तानाकडे तेव्हा अंदाज होता. खात्री आपल्याला आहे, कारण आपण वहीचं पान दुपारनंतर वाचतोय.

बंदरातला वाटाड्या, म्हणजे पायलट, हाही त्यात असतो. त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला हा माणूस लहान बोटीनं येतो आणि जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरशिडीवरून वर चढतो. समुद्र खवळलेला असेल तर त्यालाच चढता येत नाही.

आणि खराब हवेत किनाऱ्याजवळ राहिलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण नॉर्वेच्याच किनाऱ्यावर आहे. मार्च २०१९ मध्ये वायकिंग स्काय हे जहाज ट्रॉम्सोहून दक्षिणेला निघालं होतं. खराब हवेमुळे बोडोचं बंदर आधीच रद्द झालं होतं. २३ मार्चला हुस्टाडविका या उघड्या, खडकाळ पाण्यात वादळात त्याची इंजिनं बंद पडली. टाक्यांमध्ये वंगणाच्या तेलाची पातळी कमी होती, आणि जहाज इतकं हिंदकळत होतं की इंजिनांना तेल पोचेना. जहाजावर १,३७३ माणसं होती आणि जहाज खडकांकडे वाहत चाललं होतं. ४७९ जणांना एकेक करून हेलिकॉप्टरनं वर ओढून घेतलं. शेवटी इंजिनं सुरू झाली आणि जहाज मोल्देच्या बंदराला पोचलं. बातम्यांतली ती दृश्यं मावशीनं पाहिली होती, पण ती आपल्या सहलीशी जोडली नव्हती.

कप्तानाच्या या निर्णयाला कायद्याचं कवच आहे. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, ज्या हिमनगानं बुडालं तो ग्रीनलँडकडून वाहत आलेला होता. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं आजचं रूप म्हणजे सोलास. त्याच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेसाठी कप्तानाला जे आवश्यक वाटेल, त्यापासून मालकानं, भाड्यानं घेणाऱ्यानं किंवा कंपनीनं त्याला अडवता कामा नये. ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची आणखी कडक नियमावली १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं. जिथं शेकडो लोकांच्या सुट्टीचे पैसे आणि कंपनीचं नाव पणाला लागलंय, तिथं "नाही" म्हणण्याचा अधिकार एका माणसाकडे आहे, आणि तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

मग फसवणूक झाली का? जहाजावर नाही. माझा राग आहे तो इथल्या विक्रीवर. ज्यांनी काकांना ही सहल विकली, त्यांनी रंगीत पत्रकावर नॉर्थ केपचा फोटो पानभर छापला होता. कराराच्या बारीक अक्षरांत "हवामानामुळे बंदर बदलू किंवा रद्द होऊ शकतं, त्याची भरपाई मिळणार नाही" हे होतं, पण तोंडानं कुणी सांगितलं नाही. एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

पैशांचं म्हणाल तर बंदर रद्द झालं की साधारणपणे त्या बंदराचं शुल्क आणि कर प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यात जमा होतात, आणि जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसेही परत येतात. काकांनाही तेवढेच मिळाले. बाहेरून परस्पर ठरवलेल्या गाडीचे किंवा गाइडचे पैसे त्या-त्या माणसाच्या अटींवर. काही प्रवास विम्यांत बंदर चुकल्याची ठरावीक रक्कम असते, काहींत नसते. पॉलिसीत तो शब्द आहे का, हे सही करण्याआधी पाहा.

व्हिसाकडे तर आपल्या लोकांचं अजिबात लक्ष नसतं. नॉर्वे आणि आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो त्या गटात आहेत. स्वालबार्ड नॉर्वेचं असूनही शेंगेनच्या बाहेर आहे, म्हणजे तिथं जाऊन परत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर यायचं तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. ग्रीनलँड आणि फॅरो बेटंही शेंगेनबाहेर. आणि बदली बंदर म्हणून जहाज स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर गेलं, तर तिथं ब्रिटनचा व्हिसा लागतो. बंदर बदलणार हे गृहीत धरूनच कागदपत्रं करावीत.

जायचंच असेल तर मार्ग निवडताना प्रत्येक बंदरापुढे एक खूण करा: धक्का की टेंडर. गाइरांगरसारखी बंदरं खुल्या समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत आहेत, ती क्वचित चुकतात. उघड्या किनाऱ्यावरची जास्त चुकतात. जून ते ऑगस्ट बरा. परतीचं विमान जहाज पोचण्याच्याच दिवशी ठेवू नका. आणि एकच जागा पाहण्यासाठी आयुष्यभर थांबला असाल, तर तिथं जहाजानं जाऊ नका. नॉर्थ केप मागेरोया बेटावर आहे, आणि १९९९ पासून ते बेट समुद्राखालच्या बोगद्यानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे. रस्ता थेट कड्यापर्यंत जातो. तिथं धुकं असलं तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकतो.

हे सांगितलं तेव्हा काकांनी ॲटलास काढला. त्यांना एक गोष्ट आधीपासून माहीत होती, वर्गात ती ते मुद्दाम शेवटी सांगायचे. नॉर्थ केप हे त्या बेटाचं खरं उत्तर टोक नाहीच. शेजारचं क्निवशेलोडन नावाचं सखल टोक त्याच्यापेक्षा थोडं जास्त उत्तरेला आहे, ७१ अंश ११ मिनिटांवर. तिथं बस जात नाही. रस्त्यापासून चालत जाऊन-येऊन अठराएक किलोमीटर. काकांनी पेन्सिलीनं तिथं नवं टिंब दिलं आणि रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती किती फेऱ्या मारल्या की अठरा होतील, ते वहीत मांडायला बसले. मावशी म्हणाली, "मी नॉर्थ केपला थांबते. तुम्ही जाऊन या."